भिंतीपलीकडचा खर्ज

यंदाच्या गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी मी वाशीतल्या एका दुकानात उभा होतो आणि माझ्या छातीत दुसऱ्याच कुणाचा तरी ठोका पडत होता.

पाडव्याला घरात काही तरी नवे यावे, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता. यंदा ते ‘काही तरी’ म्हणजे माझ्या संगणकाला जोडायचे स्पीकर असावेत, असे सर्वानुमते ठरले होते. सर्वानुमते म्हणजे नातवाने ठरवले आणि बाकीच्यांनी हरकत घेतली नाही. दुकानातल्या मुलाने विचारले, “किती वॅट पाहिजेत, काका?” तांदूळ किती किलो देऊ, असे वाण्याने विचारावे त्या सुरात. मी गोंधळलो. नातू पुढे सरसावला. “आजोबा, वॅट राहू देत. बेस तगडा पाहिजे. बेस नसेल तर ऐकण्यात मजा नाही.”

त्या मुलाने एक बटण फिरवले. टेबलाखाली ठेवलेल्या काळ्या खोक्यातून असा काही घुमारा उठला की काचेच्या कपाटातल्या वस्तू एकमेकींना लागून किणकिणू लागल्या. “छातीत वाजतंय ना?” त्याने विजयी मुद्रेने विचारले.

वाजत होते. आणि खोटे कशाला बोलू, मला ते आवडले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला असे आवडणे शोभते की नाही हा प्रश्न वेगळा. पण त्या आवडण्याने मला पुढे जे विचार करायला लावले ते सांगण्याजोगे वाटले, म्हणून हा प्रपंच.

आधी माझी गरज सांगतो. नोकरीच्या काळात रेडिओवरून आणि ओळखीच्यांच्या बैठकांतून जमवलेल्या शंभरसव्वाशे कॅसेटी नातवाने एका सुट्टीत संगणकात भरून दिल्या. त्या मी ऐकत होतो मुठीएवढ्या दोन स्पीकरांवर. त्यांतून गाणे येई, पण अळणी येई. तबल्याची चाट ऐकू येई, डग्ग्याचा घुमारा येत नसे. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा बोलत, खर्जाची तार मुकी राही. बेस हा शब्द आज पोराटोरांच्या तोंडी आहे, पण ती वस्तू आपल्याला नवी नाही. आपल्याकडे तिला खर्ज म्हणतात. आणि आपले गवई पहाटे उठून गळ्यातून तीच साधना करीत आले.

आकड्यांत सांगायचे तर काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज म्हणजे सेकंदाला सुमारे १३९ कंपने. खर्जाची तार त्याच्या बरोबर निम्म्यावर, म्हणजे ६९ वर. मुठीएवढ्या स्पीकराचा पडदा एवढ्या खाली उतरूच शकत नाही. स्वर एक सप्तक खाली न्यायचा आणि तितक्याच जोराने वाजवायचा, तर चौपट हवा ढकलावी लागते. दीड इंचाच्या पडद्याने ती कुठून ढकलावी?

मग प्रश्न येतो की, इतकी वर्षे आपण ऐकले ते काय? याचे उत्तर मोठे मनोरम आहे. तारेतून वा कंठातून निघणारा स्वर एकटा नसतो. त्याच्यामागून दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर येतात. मूळ स्वर गाळून नुसते हे उपस्वर कानी घातले, तरी त्यांच्या अंतरावरून मन मूळ स्वर ओळखते आणि तो ऐकू आल्याचे समाधान स्वतःच करून घेते. आपल्या तबल्याला आणि मृदंगाला स्पष्ट स्वर का असतो याचा शोध चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी घेतला, आणि शाईच्या लेपामुळे त्या कातड्याचे उपस्वर असे सुसंवादी होतात हे १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले. म्हणजे शाईचे ते काळे वर्तुळ नुसती शोभा नव्हे. जुन्या काळी गवयाला कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण होऊ लागले ते १९२५ नंतर. तोवरच्या तबकड्यांत खर्ज जवळजवळ नव्हताच. तरी आपल्या आजोबा-पणजोबांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९०५ च्या सुमाराच्या तबकड्या ऐकून डोळे पुसले. गाळलेला खर्ज त्यांनी आपल्या पदरचा घातला.

तर मग खर्ज ही गरज नसून चैन आहे काय? दुकानात उभा असतानाच हा प्रश्न मला पडला होता. मला वाटते, पत्राने खुशाली कळणे आणि माणूस प्रत्यक्ष दारात उभा राहणे यांत जे अंतर आहे, तेच इथेही आहे. उपस्वरांवरून खर्ज कळतो. पण तो भेटत नाही. कान त्याला ओळखतात, शरीराला त्याचा स्पर्श होत नाही. या भेटीची ओढ हलकी म्हणता यायची नाही. जानेवारी २०२५ मध्ये आमच्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले या विलायती वाद्यवृंदाचे तीन कार्यक्रम झाले. लोकलगाड्या भरभरून तरुण मंडळी आली. गाणी तर सगळ्यांच्या खिशात आधीच होती. मग एवढा खर्च आणि दगदग कशासाठी? मला वाटते, अंगावर येऊन भेटणाऱ्या आवाजासाठी, आणि तो हजारोंनी मिळून झेलण्यासाठी.

दुकानात मी आणखी दोन गोष्टी शिकलो. त्या सांगून ठेवतो, वाचकांपैकी कुणाला यंदाच्या दिवाळीत उपयोगी पडतील. वॅटचा आकडा दोन प्रकारचा असतो. स्पीकर सतत जेवढी शक्ती पेलू शकतो तो आकडा आर. एम. एस. म्हणून लिहितात, तो खरा. १९९० नंतरच्या काळात खोक्यांवर पी. एम. पी. ओ. म्हणून हजारांचे आकडे छापले जाऊ लागले. ते म्हणजे लग्नाच्या याद्यांतले आकडे. बोलायचे एक, द्यायचे दुसरे. खऱ्या आकड्याचाही फार मोह धरू नये. शक्ती दुप्पट केली तर आवाज वाढतो फक्त तीन डेसिबल. कानाला दुप्पट मोठे वाटायचे, तर शक्ती दसपट लागते. बेताचा स्पीकरसुद्धा एका वॅटवर हातभर अंतरावर पंचाऐंशी डेसिबलच्या आसपास आवाज देतो. म्हणजे टेबलाशी बसून ऐकणाऱ्याचे काम बहुतेक वेळ एका वॅटच्या आतच भागते. वरचे आठदहा वॅट हवेत ते एखाद्या जोरकस समेसाठी, अकस्मात उठणाऱ्या तानेसाठी. मग शंभर वॅट कशाला?

हा ‘कशाला’ मी त्या मुलाला विचारलाही. तो म्हणाला, “काका, गाडी एकशे ऐंशीने जाते म्हणून कुणी तेवढ्याने चालवतं का? पण असलेली बरी.”

उत्तर चोख होते. पण त्या क्षणी मला दुकानातले ते खोके दिसेनासे झाले आणि २०१६ सालातली एक संध्याकाळ आठवली. “नंतर येतो,” म्हणून मी नातवाला घेऊन बाहेर पडलो.

आम्ही राहतो ती नेरूळमधली सिडकोने बांधलेली जुनी चार मजली इमारत. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. त्या वर्षी तिसऱ्या मजल्यावर, बरोबर आमच्या डोक्यावर, एक तरुण भाड्याने राहत होता. ऐरोलीकडे कुठल्याशा कचेरीत नोकरी. रात्री आठला घरी येई आणि तासभर संगणकावर गाणी लावी. आमच्याकडे गाणे येत नसे. येत असे नुसती धडधड. धप्प, धप्प, मध्ये थोडी उसंत, पुन्हा धप्प. त्याच दिवसांत माझी पत्नी शेवटच्या आजाराने अंथरुणाला खिळली होती. तिला त्या आवाजाने वेदना होत असे नव्हे. पण साडेसात वाजले की तिचे डोळे छताकडे लागत. जिन्यात पावले वाजली की ती म्हणे, “आला वाटतं.”

एके रात्री मी वर गेलो आणि नको ते बोललो. तो पोरगा खांद्यावर टॉवेल टाकून दारात उभा होता. तो घाबरून म्हणाला, “काका, खरंच सांगतो, मला इथे एवढं ऐकूसुद्धा येत नाही.” मी त्याला खोटारडा म्हटले. दुसऱ्या दिवशी सोसायटीकडे लेखी तक्रार दिली. दोन महिन्यांत त्याने जागा सोडली. वर शांतता झाली. ती भोगायला माझी पत्नी पुढे एकच महिना होती.

ही गोष्ट मी इतकी वर्षे माझ्या न्याय्य रागाची गोष्ट म्हणून मनाशी जपून ठेवली होती. यंदा स्पीकर घ्यायचे ठरले म्हणून मी थोडे वाचन केले, आणि त्या गोष्टीचा पाया हलला.

झाले असे. खर्जाची लाट लांबलचक असते. ६९ कंपनांच्या स्वराची एक लाट सुमारे पाच मीटर, म्हणजे सोळा फूट. माझी खोली दहा बाय बारा. पाहुणा यजमानाच्या घराहून मोठा! असल्या लाटा भिंतींवर आपटून परततात, आणि येणारी व जाणारी लाट मिळून खोलीत एक स्थिर नक्षी तयार होते. दहा फुटी खोली सुमारे ५६ कंपनांना आपण होऊन घुमते, बारा फुटी ४७ ला. गंमत अशी की त्या घुमण्याचा जोर भिंतींपाशी असतो आणि खोलीच्या मधोमध तो नाहीसा होतो. मध्ये खुर्ची टाकून बसलेल्याला वाटते, बेस कमी पडतोय. तो बटण आणखी फिरवतो. आणि कोपऱ्यात, जमिनीवर, तोच बेस शिगोशीग भरलेला असतो आणि स्लॅबमधून खाली पाझरत असतो.

आमच्या वरची खोली आमच्या खोलीएवढीच. तिच्या मध्यावर खुर्ची होती, ती दारातून मला दिसली होती. तो पोरगा खरे बोलत होता.

मीही खोटे बोलत नव्हतो. दोन माणसे दोन मजल्यांवर खरे बोलत होती आणि त्यांच्यामध्ये एक स्लॅब होता. भांडण त्या स्लॅबने लावले नव्हते. दोघांपैकी एकालाही दुसऱ्याच्या खोलीत जाऊन बसण्याची बुद्धी झाली नाही, म्हणून ते लागले.

संगीत आणि शेजार यांचे वैर जुने आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांट कोनिग्सबर्गला राहत असे, तिथे त्याच्या घराजवळ तुरुंग होता. कैदी मोठमोठ्याने स्तोत्रे गात. १७८४ साली कांटने नगराच्या अधिकाऱ्याकडे रीतसर गाऱ्हाणे नेले की, हे लोक खिडक्या लावून बेताने गातील तरी त्यांच्या आत्म्याचे काही बिघडणार नाही. पुढे १७९० च्या आपल्या ग्रंथात त्याने कलांची तुलना करताना लिहिले की, संगीताच्या अंगी शिष्टाचार कमी, कारण ते नको असलेल्या माणसापर्यंतही जाऊन पोचते. चित्र नको असेल तर डोळे फिरवता येतात, पण सुगंधी रुमाल खिशातून काढणारा माणूस आसपासच्या सर्वांना तो वास घ्यायला लावतो, तसे हे. ‘तुझा नियम सर्वांचा नियम झाला तर चालेल काय, हे पाहून वाग,’ असा ज्याचा उपदेश, तोही शेवटी खिडकीपाशी त्रासलेला एक शेजारीच निघाला. मला त्याच्याविषयी एकदम आपुलकी वाटली. मात्र तुरुंगात जाऊन ते गाणे तिथून कसे लागते हे त्यानेही पाहिले असेल, असे वाटत नाही.

१८५९ साली मिल्लने स्वातंत्र्यावरच्या आपल्या निबंधात जी रेघ ओढली, ती आपल्याकडे आगरकरांच्या पिढीने मनोभावे वाचली. माझ्या वागण्याने दुसऱ्याला इजा होत नाही तोवर मी मुखत्यार. पण ही रेघ सोपी पडते ती ज्याला कड आहे अशा गोष्टींना. माझ्या घराची कड भिंत. वरचे स्वर त्या कडेला मान देतात. सारंगी, सतार, बाईचा गळा यांना भिंत बऱ्यापैकी अडवते. खर्जाला भिंत अडवीत नाही. माझ्या आनंदाचा नेमका तेवढाच भाग असा आहे, जो माझ्यापुरता ठेवणे माझ्या हाती नाही.

कायदा आहे, नाही असे नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा. घरगुती ध्वनियंत्राचा आवाज घराच्या हद्दीवर तिच्याहून फार तर पाच डेसिबलने वर जाऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात सांगितले की, गोंगाटापासून मुक्त राहणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. हे सारे उत्तमच. पण ही मोजणी ज्या ‘ए’ मापाने होते, ते माणसाच्या कानाच्या धर्तीवर बेतलेले आहे. कान खालच्या स्वरांना मंद असतो म्हणून ते मापही त्यांना मंद. ६३ कंपनांच्या स्वरातून ते सुमारे २६ डेसिबल वजा करून टाकते. मोजणारे यंत्र ‘ठीक आहे’ म्हणते आणि उशीत मात्र ठोके पडत असतात. जिथे कायद्याचा कान पोचत नाही, तिथपासून पुढे शेजाऱ्याचा धर्म सुरू होतो.

यावर कुणी म्हणेल, एवढी चिकित्सा कशाला? गाणेच बंद करा. हेही मला पटत नाही. माझे बालपण गिरगावातल्या चाळीत गेले. आमच्या मजल्यावर एका बिऱ्हाडात रेडिओ होता. बुधवारी रात्री आठला सिलोनवरून बिनाका गीतमाला लागली की तो रेडिओ सगळ्या मजल्याचा होई. त्याला कुणी गोंगाट म्हटल्याचे मला आठवत नाही. दारे उघडी असल्यामुळे ते गाणे सर्वांकडे सबंध पोचे, शब्दांसकट आणि चालीसकट. आणि कुणाची आजी आजारी असली, तर गॅलरीतून एक हाक पुरे होई, “अहो, जरा कमी करा.” पुढे आम्ही खाडी ओलांडून इथे आलो. १९७० साली सिडको स्थापन झाली, १९९२ साली खाडीवरून वाशीपर्यंत रेल्वे आली, आणि गिरगाव-दादरच्या कितीएक कुटुंबांना आयुष्यात प्रथमच स्वतःचे दार मिळाले. बंद करता येईल असे दार! त्याचे सुख मी कमी लेखणार नाही. पण बंद दाराने दोन गोष्टी झाल्या. गाण्यातले गाणे भिंतीने ठेवून घेतले आणि पलीकडे नुसता ठोका पाठवला; आणि हाकेची जागा लेखी तक्रारीने घेतली.

आमच्या खालच्या मजल्यावर एक बाई राहतात. रुग्णालयात परिचारिका आहेत. इमारतीत त्यांना सगळे सिस्टर म्हणतात. महिन्यातले कितीतरी दिवस त्यांना रात्रपाळी. कायद्याची रात्र दहा ते सहा, त्यांची रात्र सकाळी नऊ ते दुपारी तीन. हे मला पंधरा वर्षे ठाऊक होते, आणि तरी पंधरा वर्षांत कधी जाणवले नव्हते.

पाडवा झाल्यावर नातवाने एका मित्राकडून दोन दिवसांसाठी तसलेच टेबलाखालचे खोके मागून आणले. मी खाली जाऊन म्हटले, “सिस्टर, एक विचित्र विनंती आहे. तुमच्या बैठकीत दहा मिनिटं बसू द्याल का? वर आमचा मुलगा गाणं लावणार आहे, ते मला इथून ऐकायचं आहे.”

त्या हसल्या. “या की, काका. चहा टाकते.”

मी बसलो. वर नातवाने माझी आवडती जुनी बैठक लावली. तिचा प्रत्येक ठेका मला पाठ. खाली काय आले? राग आला नाही. शब्द आले नाहीत. तानपुरा आला नाही. ज्या डग्ग्याच्या घुमाऱ्यासाठी मी जीव टाकत होतो, तो छतातून एखाद्या लंगड्या माणसाने येरझाऱ्या घालाव्यात तसा येत होता. मग नातवाने त्याचे गाणे लावले. तो माणूस धावू लागला. मला माझी पत्नी आठवली. नऊ वर्षांनी मी तिच्या खाटेवरून छताकडे बघत होतो.

सिस्टर चहा घेऊन आल्या. “एवढंच ना? एवढं चालतं हो.”

“खरं सांगा.”

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “काका, आवाजानं झोप मोडते ती पुन्हा लागते. पण आवाज कधी सुरू होईल या विचारानं जी लागतच नाही, तिचं काय करायचं? वेळ ठाऊक असली ना, की माणूस निवांत झोपतो.”

“आला वाटतं” या दोन शब्दांचा अर्थ मला त्या दिवशी लागला. तिला त्रास धडधडीचा होताच, पण त्याहून मोठा वाट पाहण्याचा होता. आमच्या बोलण्यात त्या पोराला कुणी इतकेच सांगितले असते, की बाबा रे, लावायचे तर अमुक वाजता लाव आणि आधी सांग, तर कदाचित तिघांचेही भले झाले असते.

मी शेवटी काय घेतले ते सांगतो. चार इंची पडद्याचे दोन स्पीकर. प्रत्येकी वीस वॅट, तेही आर. एम. एस. ते साठ-सत्तरपर्यंत नीट उतरतात, म्हणजे माझी खर्जाची तार त्यांच्या आवाक्यात आहे. दुकानातल्या मुलाचा चेहरा पडला. “काका, यात छातीत नाही वाजणार.” नाही वाजणार, हे कबूल. ते मी भिंतीपासून हातभर पुढे, टेबलावर, जाड रबराच्या तुकड्यांवर ठेवले आहेत. आणि माझी खुर्ची खोलीच्या मध्यावरून उचलून मागे सरकवली, तर आहे तोच खर्ज फुकटात वाढला.

नातवाचा प्रश्न मात्र उरला. त्याची गाणी चाळीस कंपनांवर उभी असतात. ती वजा करणे म्हणजे माझ्या तबल्यातून डग्गा काढून घेणे. माझा तो खर्ज आणि त्याचा तो गोंगाट, असे म्हणायला मी मोकळा नव्हतो. मोठे खोके न घेतल्याने वाचलेल्या पैशांत त्याला कानावर घालायचा चांगला हेडफोन घेऊन दिला. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की, ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला चाळीस तासांपर्यंत ऐकावा, त्यापुढे कानाला धोका. तेही त्याला ऐकवले. तो म्हणाला, “आजोबा, यात आवाज आहे, पण छातीत नाही वाजत.” त्याचे म्हणणे खरे आहे. त्याच्याजवळून मी काही तरी काढून घेतले आहे, आणि ते भरून देणारी वस्तू कुठल्या दुकानात मिळत नाही. सिस्टर कामावर गेल्या की कधीमधी मित्राचे खोके आण, एवढी मोकळीक मी ठेवली आहे.

आता संगणकाच्या शेजारी भिंतीवर सिस्टरांच्या ड्यूटीचा तक्ता लावलेला असतो. दर महिन्याला त्या स्वतः आणून देतात. पंचांग पाहावे तसा मी तो पाहतो. आमच्या रागांच्या वेळा शास्त्राने ठरवल्या आहेत, सकाळचा तोडी, रात्रीचा दरबारी. त्यात ही एक नवी भर. गंमत म्हणजे त्यामुळे ऐकण्याची गोडी वाढली. वेळ मोजकी असली की माणूस गाणे लावून पेपर चाळत बसत नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या पोराचा ठावठिकाणा मी काढायचा प्रयत्न केला. सोसायटीच्या दप्तरात जुन्या भाडेकरूंचे कागद राहिलेले नाहीत. भेटला असता तर फार काही बोललो नसतो. ‘तू खरे बोलत होतास,’ एवढेच सांगायचे होते. त्याच्याही खाली आता कुणी राहत असेल.

दिवाळीचा तक्ता परवाच आला. पाडव्याच्या आदल्या रात्री सिस्टरांना रात्रपाळी आहे. म्हणजे पाडव्याच्या सकाळी, आमच्याकडे फराळाला माणसे जमतील आणि कुणी तरी “काका, काही तरी लावा” म्हणेल तेव्हा, त्या खाली नुकत्याच आडव्या झालेल्या असतील. ते मुठीएवढे जुने दोन स्पीकर मी टाकून दिलेले नाहीत. त्या सकाळी तेच लावीन. त्यांतून खर्ज येणार नाही. तो माझा मी भरून घेईन.